तांड्याचे दात आणि अर्पिताचा हात

अर्पिता गुल्हाने हसली की वर्षा आडेच्या पोटात दुखायचं.

अर्पिता तोंड उघडून हसायची. मान मागे टाकून, दोन्ही ओळी दाखवत. कळंबच्या गोड्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेले तिचे दात सोललेल्या लसणासारखे पांढरे होते. वर्षा हसली की तिचा उजवा हात आपोआप तोंडावर जायचा. दारव्ह्याकडच्या ज्या तांड्यात ती वाढली तिथल्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड होतं, आणि तांड्यातल्या तिच्या वयाच्या प्रत्येकाच्या दातांवर मातकट पट्टे होते. शाळेत असताना तिच्या पुढच्या दातावर डॉक्टरांनी पांढरी भरणी बसवून दिली होती. महिन्याभरात ती भाकरीच्या घासाबरोबर निघून आली. पुन्हा बसवली, पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, "तुमच्या पाण्याचे दात आहेत बेटा, त्याले काही धरत नाही." त्या दिवशी वर्षा बापाच्या सायकलवर मागे बसून गावापर्यंत तोंडावर हात धरून गेली होती.

आता ती यवतमाळच्या बाहेर, एका खासगी डेंटल कॉलेजच्या तळमजल्यावर, संशोधनाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होती. या खोलीत पेशंट येत नसत, त्यांचे काढलेले दात येत. पाण्याच्या बाटल्यांत बुडवून. कोरडा पडलेला दात कामाचा राहत नाही, म्हणून पाणी बदलायचं, दात स्वच्छ करायचे, एकेक दात प्लास्टिकच्या ठोकळ्यात उभा रोवायचा. मग त्याच्या पुढच्या बाजूला ॲसिडचं निळं जेल लावायचं, धुवायचं, चिकटद्रव्य लावायचं, वर भरणीच्या मसाल्याची शर्टाच्या गुंडीपेक्षा छोटी गुंडी बसवायची आणि निळ्या दिव्याखाली ती कडक करायची. शेवटी तो ठोकळा मशीनमध्ये अडकवायचा. मशीनची पाती हळूहळू गुंडीवर दाब देत जाते, गुंडी निखळते, आणि निखळायला किती जोर लागला त्याचा आकडा पडद्यावर उभा राहतो. जास्त आकडा म्हणजे पक्की पकड.

हे सगळं वर्षा गेली कित्येक वर्षं एकटीच करत होती. मग मागच्या दिवाळीनंतर अर्पिता आली. डिप्लोमा नवा, हात नवा, आणि तोंडात सारखं "वर्षाताई, वर्षाताई."

"वर्षाताई, तुमी हे जेल किती वेळ ठेवता?"

"बाटलीवर लिहिलं आहे."

"बाटलीवर तं आहे वो, पन तुमच्या हिशेबानं?"

"माझा हिशेब बी बाटलीवालाच आहे."

अर्पिता हसली. दोन्ही ओळी.

आणि त्याच सुमारास विभागाच्या प्रमुख, डॉ. अंजू मॅडम, यांनी वर्षाच्या आयुष्यातलं काम काढलं. फ्लोराइडनं डागाळलेल्या दातांवर भरणी का टिकत नाही, आणि एक नवं चिकटद्रव्य त्यावर टिकेल का, याचा अभ्यास. वर्षानं हे ऐकलं तेव्हा ती बाटल्या विसळत होती. नळ चालूच राहिला.

"दात कुठून आणायचे हा प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या तांड्यातून," वर्षा म्हणाली. "मॅडम, तुमी फक्त शिबिर लावा. दात मी आणते."

शिबिर लागलं. हिरड्या सुटलेले, हलणारे, पण वरून शाबूत असे बरेच दात निघाले. मात्र आपल्या तोंडातली वस्तू अशी परक्या डब्यात टाकून यायला तांड्यातली म्हातारी माणसं तयार होईनात. घरी नेतो, घरच्यांना दाखवतो, मग बघू. वर्षानं प्रत्येकाला पाण्याची छोटी बाटली दिली, दात पाण्यातच ठेवायचा म्हणून बजावलं, रात्री दारोदार जाऊन गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, समजावलं, सह्या घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या गोळा करून आणल्या. प्रयोगशाळेत सगळे दात एका मोठ्या बरणीत ओतले. एस.टी.त ती सगळा वेळ पिशवी मांडीवर धरून बसली होती. कंडक्टर म्हणाला, "काय आहे वो बाई, सोनं आहे का?" ती म्हणाली, "हाव."

बरणी टेबलावर ठेवली तेव्हा मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि पुढच्याच वाक्यात सगळं बिघडवलं.

"हे बघा, चिकटवण्याचं काम पहिल्या दातापासून शेवटच्या दातापर्यंत एकाच हातानं व्हायला हवं. दोघींनी वाटून घेतलं तर फरक दाताचा की हाताचा, हे कळणार नाही. तेव्हा आधी दोघी थोडे थोडे दात करून दाखवा. ज्या हाताचं काम चांगलं, तोच हात पूर्ण अभ्यास करेल. शोधनिबंधात नावही त्याच हाताचं जाईल."

वर्षाला वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय. दात कुणाचे? बोलून कुणी आणले? तिचं तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते एवढंच, "बरं मॅडम."

दात निवडायची वेळ आली तेव्हा वर्षाच्या रुसव्याचा फुगा अजून टम्म होता.

"ताई, तुमी पहिले घ्या," अर्पिता म्हणाली.

"नाही, तू घे. पाह्यजे ते घे. आमचे तं सगळे सारखेच आहेत."

अर्पितानं चिमट्यानं बरणीत उलटसुलट केलं. "हे पाहा ना ताई, काही काही किती छान स्वच्छ आहेत. हे मी घेऊ का? हे काळपट मले भेव वाटते."

"घे की. काळ्याचं भेव मले नाही वाटत."

आणि तिनं उरलेले काळपट दात आपल्या बशीत ओढले. दुसऱ्याच्या लग्नात शिळी पोळी हट्टानं मागून खाणाऱ्या मावशीसारखी तिची मुद्रा होती.

दोघींनी चिकटवले. दोघींनी मशीनवर तोडले. मॅडम पडद्याजवळ उभ्या होत्या.

अर्पिताचे आकडे चढत गेले. अठरा, एकोणीस, वीस. वर्षाचे बारा, अकरा, तेरा. तिच्या एका दाताची गुंडी तर पाती टेकते न टेकते तोच उडून टेबलाखाली गेली, आणि अर्पितानं गुडघ्यावर बसून ती शोधून दिली. हे तर फारच झालं.

"अर्पिता," मॅडम म्हणाल्या, "तुझ्या हाताला काहीतरी आहे बाई."

"मॅडम, ताईनंच तं शिकवलं."

वर्षाला ते वाक्य चापट मारल्यासारखं लागलं. शिकवलं? तिनं काही शिकवलं नव्हतं. मुद्दाम शिकवलं नव्हतं!

"सोमवारी ठरवू," मॅडम म्हणाल्या. पण कुणाचं ठरणार हे खोलीतल्या तिघींनाही कळलं होतं.

शनिवारी संध्याकाळी वर्षा तांड्यात आली ती ताटावर भाकरी नुसती कुस्करत बसली. तिची आई हंसाबाई, जिला ती याडी म्हणायची, चुलीसमोर बसून तिच्याकडे पाहत राहिली.

"कोनी बोललं का तुले?"

"नाही."

"मंग काहून तोंड असं करून राह्यली?"

"याडी, माझा हात खराब आहे का?"

हंसाबाईनं तिचा हात ओढून पाहिला. उलटा केला, सुलटा केला. "चांगला तं आहे. थोडा खरखरीत झाला. तेल लाव."

"तसा नाही वो!"

"मंग कसा?"

"जाऊ दे."

सकाळी शेजारचे पूनमसिंगकाका आले. पांढरी मिशी, पुढचे दोन दात शिबिरात गेलेले, म्हणून बोलताना हवा सुटायची. तांड्यात सगळं बोलणं गोरबोलीत. पण वर्षा शिकलेली म्हणून घरचे तिच्याशी मराठीत बोलायचे, आणि काका तर हट्टानं. तिचे वडील हिरासिंग खाटेवर तुरीच्या शेंगा सोलत होते, त्यांच्याशेजारी काका टेकले.

"काय वो डॉक्टरीनबाई, आमचे दात पास झाले का?"

"डॉक्टरीन नाही काका, टेक्निशियन."

"तेच थे. पास झाले का नाई?"

"काही झाले, काही नाही."

"आमच्या घरचे तं पास झालेच असतीन." काका मिशीतल्या मिशीत खूश. "आमच्या गल्लीतले झाडून पास होतीन. म्या मेहनत घेतली त्याच्यावर."

वर्षाचा कप ओठाशी थांबला. "कायची मेहनत?"

"अवो, कॉलेजात दात द्याचे अन् असे मातीवानी पिवळे-काळे द्याचे? काय म्हनतीन थे लोक? या तांड्यातले लोक दात घासत नाईत म्हनतीन. तुलेच नाव ठेवतीन. तू तिथी नोकरी करते ना बाई. मंग म्या त्या रात्री सगळ्यांच्या बाटल्या घरी मांगवल्या. इटकर कुटली, चुना घेतला, अन् एकेक दात असा घासला, असा घासला..." काकांनी अंगठा तळहातावर फिरवून दाखवलं. "चकचकीत! पुन्हा पान्यात टाकले बराबर. तू सांगितलं होतं ना पान्यात ठेवा, म्हनून."

"सगळ्यांचे घासले?"

"नाई, आमच्याच गल्लीचे. वरच्या गल्लीवाले भांडखोर आहेत. त्याईनं दिले नाईत."

हिरासिंग हसले. "याले लगनात बी जोडे पुसून देत होतो आमी, तरी हा पुन्हा पुसत होता."

वर्षा हसली नाही. तिच्या डोक्यात एकामागून एक दिवे लागत होते. डागाळलेल्या दाताचा वरचा थर कडक असतो, त्याला ॲसिड चावत नाही, म्हणून तर पकड बसत नाही. तोच थर काकांनी विटेनं काढून टाकला. खालचा कोवळा थर उघडा पडला. त्याला काहीही चिकटेल. अर्पितानं "छान स्वच्छ" म्हणून उचलले ते हेच.

अर्पिताचा हात नव्हता तो. काकांची वीट होती!

तिला इतका आनंद झाला की तिनं काकांना आणखी एक कप चहा करून दिला आणि त्यात साखर जास्त टाकली. आयुष्यात पहिल्यांदा ती तोंडावर हात न ठेवता हसली. हंसाबाई चुलीपासून वळून बघायला लागली.

"आता हसून राह्यली. कालपासून तं तोंड पाडून होती."

"याडी, माझा हात चांगला आहे!"

"म्या काल तेच सांगितलं."

पण दुपारी दारव्ह्याला जीपमध्ये बसल्यावर आनंदाला दुसरी बाजू फुटली. हे सांगितलं तर मॅडम काय करतील? बरणीतले दात एकत्र झालेत. कोणता घासलेला, कोणता नाही, खात्रीनं कोण सांगणार? म्हणजे सगळी बरणीच बाद. तिच्या तांड्याचे दात अभ्यासातून जातील. ज्या दातांना "काही धरत नाही" म्हणून तिला सायकलवर मागे बसून घरी जावं लागलं होतं, त्या दातांवरचं काम होईल, पण दुसऱ्या कुठल्या गावाच्या दातांवर.

आणि नाही सांगितलं तर? तर अभ्यास तांड्याच्याच दातांवर होईल. फक्त हात अर्पिताचा. वर नाव अर्पिताचं. तिचं एक मन म्हणत होतं, दात महत्त्वाचे, चूप राह्य. दुसऱ्या मनानं अर्पिताला मान मागे टाकून हसताना पाहिलं. जीप यवतमाळच्या स्टँडवर पोचेपर्यंत दुसरं मन जिंकलं होतं.

सोमवारी तिनं मॅडमना सांगितलं. चेहरा गंभीर ठेवायचा तिनं फार प्रयत्न केला.

मॅडमनी अर्पिताचे दात भिंगाखाली ठेवले. बारीक समांतर ओरखडे. विटेच्या भुकटीचे.

"हे तुला आधी माहीत नव्हतं?"

"नाही मॅडम. काल समजलं."

"घासल्यावर पकड वाढते हे पुस्तकात कधीचंच आहे, वर्षा. आपल्याला न घासता बघायचं होतं." त्यांनी बरणीकडे पाहिलं. "ही बरणी गेली."

"हो मॅडम."

"तुझ्या लोकांचे दात."

"हो मॅडम," वर्षा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज थोडा खाली गेला.

बाहेर व्हरांड्यात अर्पिता तिच्या मागोमाग आली.

"ताई, एक विचारू? तुमी सांगितलं नसतं तं कोनाले काई समजलं नसतं."

"हाव."

"तुमच्या तांड्याचे दात बी राह्यले असते."

"हाव."

"मंग काहून सांगितलं?"

वर्षा थांबली. वळली. अर्पिताच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "तुले मिळू नये म्हनून."

अर्पिता खदखदून हसली. मान मागे, दोन्ही ओळी, डोळ्यांत पाणी. "तुमी बी ना ताई! एवढा मोठा त्याग करता अन् वरून मजाक करता. मी असती तं नसतं सांगितलं. देवाशप्पथ नसतं सांगितलं."

वर्षाला उभ्या जागी काय करावं कळेना. आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य ती बोलली होती, आणि त्याबद्दल तिचं कौतुक होत होतं.

"अन् त्या काकाले मले भेटाचं आहे एकदा," अर्पिता डोळे पुसत म्हणाली. "नेता का मले?"

"नाही."

"काहून?"

"थे तुले बी घासतीन."

नवे दात राळेगावकडच्या एका गावातून आले. या वेळी डॉक्टरांनी काढले की थेट बाटलीत, कुणाच्या घरी नाही. ते मॅडमनी अभ्यासासाठी राखले आणि हाताच्या परीक्षेसाठी कॉलेजातले बिनडागाचे दात स्वतः चिठ्ठ्या टाकून वाटले. वर्षानं ठरवलं होतं, आता दाखवते. दात सारखे, जेल सारखं, दिवा सारखा. फरक राहिला तो हाताचाच.

आणि हात दाखवायचा म्हणून तिनं पहिल्या गुंडीवर इतकी मेहनत घेतली की अर्पिताच्या दोन होऊन गेल्या. मग शेजारी अर्पिता गुणगुणत भराभर पुढे चाललेली ऐकून तिनं वेग वाढवला. एका गुंडीवर चिकटद्रव्य पुरेसं सुकू दिलं नाही. पुढच्यावर सुकवत बसली. तिची एक नजर स्वतःच्या दातावर होती आणि एक शेजारच्या बशीत. अर्पिता फक्त आपल्या बशीत बघत होती.

मशीनवर वर्षाचा एक आकडा सगळ्यांत वरचा आला. तेवीस! तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. पुढचा आला नऊ. मग एकोणीस. मग अकरा. अर्पिताचे आले सोळा, सतरा, सोळा, सोळा.

"वर्षा, तुझा चांगला दात अर्पिताच्या चांगल्या दाताहून चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मला उंच आकडा नको, सारखा आकडा हवा. पहिला दात आणि शेवटचा दात एकाच माणसानं केला असं वाटायला हवं. तुझ्या दातांकडे बघून वाटतं, तीन जणींनी केलेत."

"मॅडम, अजून एकदा..."

"नाही."

"मॅडम, मी एकटी असते तेव्हा माझे आकडे सारखे येतात. तुम्ही जुने काढून पाहा."

"माहीत आहे मला. पण आता तू एकटी नाहीस ना."

वर्षानं शेजारच्या बशीवरची नजर काढून घेतली.

मॅडमनी काम वाटून दिलं. चिकटवणं सगळं अर्पितानं. तोडणं सगळं वर्षानं. तेही एकाच हाताचं काम, आणि मशीन वर्षाइतकी कुणाला ठाऊक नव्हती. निबंधात दोघींची नावं जातील, पण पहिलं अर्पिताचं. संध्याकाळी वर्षानं हंसाबाईला फोन केला.

"झालं का तुयं काम?"

"झालं. तोडाचं दिलं मले."

"तोडाचं?"

"दुसरीनं चिकटवलेलं मी तोडाचं, अन् पाहाचं किती घट्ट होतं ते."

हंसाबाई म्हणाली, "घरात बी तू तेच करत होती बाई. सुनीलनं मातीचे बैल केले का तू शिंगं तोडून पाहे." सुनील म्हणजे वर्षाचा धाकटा भाऊ. "म्हने, पक्के आहेत का पाहून राह्यली."

"याडी, ठेवते मी."

असा अभ्यास सुरू झाला. सकाळी अर्पिता ठोकळे आणून मशीनशेजारी मांडायची आणि स्टूल ओढून बसायची. तिला बघायला आवडायचं. वर्षाला तिनं बघितलेलं आवडायचं नाही. नवं चिकटद्रव्य लावलेल्या डागाळलेल्या दातांची पाळी आली तो दिवस वर्षानं मनात कितीतरी वेळा रंगवला होता. त्या प्रत्येक चित्रात चिकटवणारे हात तिचे होते.

तिनं ठोकळा अडकवला. पाती सरळ केली. बटण दाबलं. आकडा चढायला लागला. आठ. दहा.

"किती झाले ताई?"

"चूप बस."

बारा. जुन्या चिकटद्रव्याच्या गुंड्या इथंच कुठंतरी सुटायच्या. वर्षाची बोटं टेबलाच्या कडेवर आवळली. तूट, ती मनात म्हणाली. मग तिला दात दिसला. मातकट पट्टे, कडेला चॉकलेटी डाग. राळेगावकडच्या कुण्या बाईचा असेल, नाहीतर माणसाचा. हुबेहूब तांड्यातला. तेरा. चौदा. तूट ना माय. नको तुटू. तिला स्वतःलाच कळेना ती काय मागतेय. पंधरा.

"ताई, काही म्हनता का?"

"मशीनशी बोलून राह्यली."

सतरा. अठरा. हे आकडे वर्षानं स्वतःच्या तोंडात मागितले होते, शाळकरी वयात, आरशासमोर. आणि ते आले होते या पोरीच्या हातून, जिच्या दाताला कधी भरणीची गरजच पडली नाही. तिला वाटलं हात पुढे करावा आणि ठोकळा जरासा, अगदी जरासा, तिरका करावा. पाती तिरकी बसली की गुंडी लवकर निघते. कुणाला कळणार नाही. तिच्याइतकी मशीन ठाऊक होती कुणाला?

तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि बोटांत बोटं अडकवली.

एकोणीस. वीस.

टक् असा आवाज झाला. गुंडी निखळून ट्रेमध्ये पडली.

अर्पिता अर्धवट उठली होती. तिच्या जागेवरून पडदा दिसत नव्हता. "किती? ताई, किती आला? बोला ना वो!"

वर्षा पडद्यावर थांबलेला आकडा वाचत, शेजारच्या खोलीत मॅडमनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, जवळजवळ भांडल्यासारखी ओरडली, "एकवीस! तुया हातचा दात एकवीसवर तुटला. आन दुसरा."